रिपोर्टमधला आकडा आणि त्याआधीचा हिशेब

चातुर्मास लागला की घराघरांत तपाचे वातावरण तयार होते. कोणाची एकासणी चालू असतात, कोणी आयंबिल करतो, कोणी अठ्ठाईचे पच्चक्खाण घेतो. याच दिवसांतला पुढील प्रसंगही अनेक कुटुंबांना परिचित आहे. साठी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थांची हर्नियाची शस्त्रक्रिया पर्युषणानंतर करावयाची ठरलेली असते. रुग्णालयाने आवश्यक तपासण्यांची यादी आधीच दिलेली असते. पर्युषणात दुकानातून सवड मिळते, म्हणून अठ्ठाईच्या सहाव्या दिवशीच रक्ताचा आणि लघवीचा नमुना दिला जातो. सायंकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. युरिक ॲसिड वाढलेले, युरिया वाढलेला, बिलिरुबिन वाढलेले, लघवीत कीटोन; प्रत्येक आकडा ठळक अक्षरांत. कोणी काविळीचे नाव काढतो, कोणी मूत्रपिंडाचे. मुले आजच पारणे करण्याचा आग्रह धरतात. तपस्वी स्वतः मात्र काहीच बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट पाहतात आणि एकच प्रश्न विचारतात, "नमुना दिला तेव्हा उपवास कितवा होता, हे लॅबमध्ये कोणी सांगितले होते का?" कोणीही सांगितलेले नसते.

रिपोर्टमधले आकडे खोटे नसतात. यंत्राने जे मोजले ते बरोबरच मोजलेले असते. उणीव असते ती मापाआधीच्या माहितीत. व्यापारी घराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. काटा अचूक असला, त्यावर सरकारी शिक्का असला, तरी माल ओला असेल किंवा बारदानाचे वजन वजा केलेले नसेल, तर काट्याने दाखवलेल्या आकड्यावर सौदा होत नाही. रक्ततपासणीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की येथे मालाची अवस्था ठाऊक असणारा माणूस रुग्ण स्वतः किंवा त्याच्या घरचा असतो.

चूक बहुधा काट्यावर नसते

इटलीतील पाडुआ येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने चाळीस हजारांहून अधिक चाचण्यांचा मागोवा घेतला आणि त्याचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत १८९ चुका आढळल्या, म्हणजे शेकडा अर्ध्याहूनही कमी. प्रमाण अल्प होते, पण त्या चुकांची वाटणी विचार करायला लावणारी होती. सुमारे ६८ टक्के चुका नमुना यंत्रावर चढण्यापूर्वीच्या होत्या. प्रत्यक्ष मोजणीतील चुका सुमारे १३ टक्के होत्या. उरलेल्या रिपोर्ट तयार झाल्यानंतर, तो पोहोचवताना झालेल्या होत्या. दहा वर्षांनी तेथेच पुन्हा पाहणी झाली. तेव्हा चुका आणखी घटल्या होत्या, तरी यंत्रापूर्वीच्या चुकांचा वाटा ६२ टक्के होताच.

यंत्रापूर्वीचा टप्पा म्हणजे काय? डॉक्टरांनी चाचणी लिहून देणे, रुग्णाची पूर्वतयारी, नाव-ओळख, शिरेतून रक्त काढणे, योग्य ट्यूबमध्ये भरणे आणि वेळेत लॅबपर्यंत पोहोचवणे. या साखळीतील कित्येक कड्या रुग्णाच्या किंवा शेजारी बसलेल्या नातेवाइकाच्या डोळ्यांसमोर असतात. तेथे त्याने घातलेले लक्ष खरोखर उपयोगी पडते.

उपवास लॅबचा आणि उपवास तपाचा

'उपाशीपोटी या' असे लॅब सांगते तेव्हा तिला साधारण आठ ते बारा तासांची रात्र अपेक्षित असते आणि साधे पाणी पिण्यास मुभा असते. तपाचा उपवास याहून अगदी वेगळा आहे. दोन-तीन दिवस अन्न नसले की शरीर साठवलेल्या चरबीवर चालू लागते. त्यातून कीटोन तयार होतात. हे कीटोन मूत्रपिंडातून बाहेर पडताना युरिक ॲसिडच्या निचऱ्यात अडथळा आणतात, म्हणून रक्तातील युरिक ॲसिड वाढते. पाणी केवळ दिवसा आणि मोजकेच घेतले जात असेल, तर रक्त थोडे दाट होते आणि युरिया वाढलेला दिसतो. काही निरोगी माणसांच्या यकृतात बिलिरुबिन हाताळण्याची क्षमता जन्मतःच थोडी कमी असते. एरवी त्यांना त्याचा पत्ताही नसतो, पण उपवासात त्यांचे बिलिरुबिन वाढते आणि डोळ्यांत किंचित पिवळसर छटाही दिसू शकते. जेवण सुरू झाले की ती ओसरते.

याचा अर्थ उपवासातले सर्व दोष 'तपामुळेच' म्हणून बाजूला सारावेत असा नाही. लघवी फार कमी होणे, भोवळ, सतत उलट्या, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे असतील तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर गाठावा लागतो. मधुमेहींनी तर तपापूर्वीच डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. इन्सुलिन आणि काही गोळ्या उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत दीर्घ उपवासामुळे रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका असतो आणि त्या वेळी रक्तातील साखर फारशी वाढलेलीही नसते. ग्लुकोमीटरचा आकडा चांगला दिसतो म्हणून घरचे निर्धास्त राहतात. धोका नेमका येथेच आहे.

ज्या तपासण्या तातडीच्या नाहीत, त्या मोठ्या तपापूर्वी कराव्यात किंवा पारण्यानंतर आहार पूर्ववत झाल्यावर. तातडीच्या असतील तर तप चालू असतानाही जरूर कराव्यात; मात्र चिठ्ठीवर 'उपवासाचा सहावा दिवस, केवळ पाणी' असे स्पष्ट लिहून द्यावे.

रोजचा चौविहार पाळणाऱ्या घरांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. सायंकाळी सहाला जेवण आटोपले तर बारा तास पहाटे सहालाच पूर्ण होतात. असा माणूस दहा-अकरा वाजता लॅबमध्ये पोहोचला, तर सोळा-सतरा तास अन्नाशिवाय आणि पाण्याशिवाय गेलेले असतात. शीर सापडत नाही, रक्त दाट झालेले असते आणि वयस्कर माणसाला तेथेच घेरी येते. नवकारशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी येते. ती पारून ग्लासभर साधे पाणी प्यावे आणि लगेच नमुना द्यावा. पाण्याने लॅबचा उपवास मोडत नाही. चहा, दूध, साखर किंवा लिंबू मात्र चालत नाही. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीला उपाशी राहण्याची गरज बहुतेक वेळा नसते, असे युरोपातील तज्ज्ञांनी २०१६ साली एकमताने सांगितले आहे. ट्रायग्लिसराइड बरेच वाढलेले निघाले तरच उपाशीपोटी पुन्हा पाहिले जाते. म्हणून 'उपाशी यायचे का' हे प्रत्येक चाचणीसाठी विचारून घ्यावे.

नाव, हात आणि ट्यूब

रुग्णालयातील सर्वांत महाग चूक ही नावाची चूक असते. एकाच मजल्यावर दोन शहा, तीन जैन दाखल असणे आपल्या गावांत नवलाचे नाही. म्हणून रक्त काढणाऱ्याने 'तुम्हीच का ते?' असे न विचारता 'पूर्ण नाव सांगा' असे म्हणावे, जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक ताडून पाहावा आणि लेबल खाटेजवळच, रुग्णासमोर लावावे, ही मान्य पद्धत आहे. कोरी ट्यूब खिशात टाकून कोणी निघाला तर त्याला सौम्य शब्दांत थांबवणे यात उद्धटपणा नाही. रक्त चढवण्यापूर्वी रक्तगटासाठी दुसरा नमुना मागितला गेला तर वैतागू नये. भलत्या गटाचे रक्त जिवावर बेतू शकते. त्यासाठी ही दुहेरी पडताळणी असते.

हातही पाहावा लागतो. सलाइन चालू असलेल्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतले तर सलाइनचे पाणी त्यात मिसळते. ग्लुकोजची बाटली असेल तर साखर अफाट दिसते, साधे सलाइन असेल तर हिमोग्लोबिन उतरलेले दिसते. 'या हाताला बाटली चालू आहे' एवढे चार शब्द नातेवाइकाने सांगितले तरी पुरते.

दंडाला पट्टा बांधून मूठ वारंवार उघडमीट केली, तर पोटॅशियम खऱ्यापेक्षा अधिक येते. रक्त जोराने ओढले आणि तांबड्या पेशी फुटल्या तरी हेच होते, कारण पोटॅशियमचा मोठा साठा पेशींच्या आत असतो. पोटॅशियम खरोखरच वाढलेले असेल तर हृदयाची गती बिघडू शकते. म्हणून 'नमुना खराब, पुन्हा द्या' असा निरोप आला, तर ते लॅबच्या दक्षतेचे लक्षण मानावे.

ट्यूबच्या टोपणांचे रंग शोभेसाठी नसतात. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारा पोटॅशियमचा क्षार असतो. त्यातला थेंब दुसऱ्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. म्हणून ट्यूब भरण्याचा क्रम ठरलेला असतो. फिकट निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असे प्रमाण असते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांची तपासणी हिच्यातून होते. ती रेघेपर्यंत भरली नाही तर आकडा फसतो आणि त्या आकड्यावरून गोळीची मात्रा बदलली जाते. करड्या टोपणाची ट्यूब साखरेसाठी असते. साध्या ट्यूबमध्ये तसेच ठेवलेल्या रक्तातील पेशी साखर खात राहतात. सामान्य तापमानाला ती तासाला सुमारे पाच ते सात टक्क्यांनी घटते. घरी येऊन नेलेला नमुना दुपारपर्यंत स्कूटरच्या डिकीत फिरला, तर मधुमेहीची साखर 'सुधारलेली' दिसू शकते. रिपोर्टवर नमुना घेतल्याची आणि तो लॅबमध्ये पोहोचल्याची अशा दोन्ही वेळा छापलेल्या असतात. त्यांतील अंतर पाहण्याची सवय लावून घ्यावी.

औषधांची यादी आणि जीवनसत्त्वांची डबी

डॉक्टरांना औषधांची नावे सांगितली जातात. 'साध्या' गोळ्या मात्र सांगायच्या राहतात. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असते. काही प्रकारच्या यंत्रांत ते मोजणीतच ढवळाढवळ करते. थायरॉइड ठीक असताना ते वाढल्यासारखे दिसते. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी २०१७ साली जाहीर इशारा दिला आणि २०१९ साली तो पुन्हा दिला. अशा गोळ्या तपासणीपूर्वी किती दिवस बंद ठेवाव्यात हे लॅबला विचारावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशीची गोळी बहुधा नमुना दिल्यानंतर घ्यावयाची असते.

शाकाहारी कुटुंबांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. ते वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. दूध-दही हाच शाकाहाऱ्यांचा मुख्य आधार. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी कमी होते. पुष्कळदा हातापायांना मुंग्या आल्या की आधी इंजेक्शन घेतले जाते आणि मग तपासणी होते. इंजेक्शननंतर पातळी उंच येणारच. मूळ कमतरता किती होती ते मग कळत नाही. नमुना आधी, इंजेक्शन नंतर, हा क्रम पाळावा.

याच्याशी जोडलेली आणखी एक बाब आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए-वन-सी ही चाचणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. नुकतेच रक्त चढवले असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर तो फसवा कमी येऊ शकतो. घरातील स्त्रियांत ॲनिमिया असताना केवळ या एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का बसू नये. बरोबर हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखरही पाहावी.

ठळक अक्षरांचे भय

रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली 'सामान्य मर्यादा' ही आरोग्य आणि रोग यांमधली भिंत नव्हे. बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांच्या समूहातील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा म्हणजे ही मर्यादा. उरलेले पाच टक्के निरोगी असूनही पट्ट्याबाहेर असतात. निरोगी माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निदान एक आकडा पट्ट्याबाहेर पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. सवलतीच्या दरातील साठ-सत्तर चाचण्यांच्या पॅकेजमध्ये काहीतरी ठळक छापून येणार, हे यावरून उघड आहे. मग त्याच्या मागे आणखी चाचण्या, सोनोग्राफी आणि तज्ज्ञांच्या फेऱ्या सुरू होतात. पॅकेज स्वस्त असते. त्याचा पाठलाग महाग पडतो.

याउलट मर्यादेच्या आतला आकडाही कधी बोलका असतो. क्रिएटिनिन दोन वर्षे ०.७ असेल आणि या वर्षी १.१ झाले असेल, तर दोन्ही आकडे मर्यादेत असले तरी वाढ डॉक्टरांना दाखवावी. एका महिन्याची विक्री पाहून व्यापारी धंद्याचा अंदाज बांधत नाही. मागील वह्या काढतो. प्रत्येक लॅबची पद्धत आणि मर्यादा थोडी वेगळी असते, त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावे.

काटा कोण तपासतो

दुकानातील काट्याची ठरावीक मुदतीने सरकारी पडताळणी होते. चांगल्या लॅबमध्ये यंत्राची पडताळणी रोज होते. ज्याचे मूल्य आधीच ठाऊक आहे असा नियंत्रण-नमुना रुग्णांच्या नमुन्यांआधी यंत्रावर चालवला जातो आणि आलेला आकडा तक्त्यावर मांडला जातो. कारखान्यांतील मालासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली आखलेली ही पद्धत लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० साली रुग्णालयीन प्रयोगशाळांत आणली. शिवाय बाहेरची तपासणीही असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था अज्ञात मूल्यांचे नमुने लॅबना पाठवतात आणि आलेली उत्तरे इतर लॅबच्या उत्तरांशी ताडून पाहतात.

एनएबीएल हे लॅबना प्रत्यायन देणारे राष्ट्रीय मंडळ भारतीय गुणवत्ता परिषदेचे अंग आहे. आयएसओ १५१८९ या मानकानुसार ते वैद्यकीय लॅबची पाहणी करते. मात्र हे प्रत्यायन सरसकट लॅबला नसून चाचणीनिहाय असते. दारावर बोधचिन्ह आहे म्हणजे आत होणारी प्रत्येक चाचणी त्यात आली, असे गृहीत धरू नये. 'ही चाचणी तुमच्या यादीत आहे का, की नमुना बाहेर पाठवता?' असा प्रश्न रुग्णाने विचारला तर चांगली लॅब त्याचे सरळ उत्तर देते. रिपोर्टवर डॉक्टरांचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का, हेही पाहावे.

पुन्हा तपासणी, पुन्हा बिल

दाखल झालेल्या रुग्णाच्या घरी सर्वाधिक शंका येते ती एकच तपासणी पुन्हा पुन्हा होण्याची. 'काल तर केली होती' हा उद्गार प्रत्येक बिलाबरोबर ऐकू येतो. काही वेळा तो अस्थानी असतो. छातीत दुखू लागल्यानंतर ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. पहिला आकडा ठीक असला तरी दुसरा घेतल्याशिवाय झटका नाही असे म्हणता येत नाही. डेंग्यूत पहिल्या पाचेक दिवसांत एनएस-वन ही चाचणी उपयोगी, तर प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतर. चुकीच्या दिवशी केलेली तपासणी 'निगेटिव्ह' येते आणि फसवते. रक्ताचे कल्चर शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावे लागते. त्यात जंतू वाढायला वेळ लागतो. प्राथमिक अंदाज एक-दोन दिवसांत येतो, पण 'काही वाढले नाही' असा अंतिम निर्णय बहुधा पाच दिवसांनी मिळतो. ओळख वापरूनही तो लवकर मिळत नाही.

मात्र काही वेळा शंका रास्तही असते. ती भांडणाच्या नव्हे, विचारपूस करण्याच्या सुरात मांडता येते. 'या तपासणीच्या उत्तरावरून उपचारात काय बदल होणार आहे?' हा एक प्रश्न पुरेसा आहे. उत्तर स्पष्ट असेल तर खर्च योग्य आहे. नसेल तर डॉक्टरही पुन्हा विचार करतात.

शेवटची गोष्ट फोनची. काही आकडे इतके धोक्याचे असतात की ते निघताच लॅब रिपोर्टची वाट न पाहता फोन करते. तेव्हा चिठ्ठीवर दुकानाचा बंद पडलेला जुना क्रमांक असेल, तर सगळी दक्षता वाया जाते. घरी नमुना देताना रात्री उचलला जाईल असा क्रमांक आणि डॉक्टरांचे नाव लिहिणे हा तपासणीचाच भाग आहे.

पर्युषणातल्या त्या घरी डॉक्टर तपस्वींना समोर बसवून तपासतात. लघवी पुरेशी होते का, भोवळ येते का, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारतात. धोक्याचे काही नाही याची खात्री झाल्यावर तप सुरू ठेवायला हरकत घेत नाहीत. पाणी मात्र वाढवायला सांगतात. पारण्यानंतर दहा दिवसांनी पुन्हा नमुना दिला जातो. या वेळी चिठ्ठीच्या कोपऱ्यात सुनेने लिहून दिलेले असते: अठ्ठाईचे पारणे झाले, आहार पूर्ववत, रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली, शेवटचे जेवण काल सायंकाळी सहाला. लॅबमधला तंत्रज्ञ ती ओळ संगणकात नोंदवून घेतो आणि मग ट्यूबवर लेबल लावतो.